चुकीच्या पुढे वाचणारे यंत्र

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील जुन्या मराठी घरांतून अद्यापही एखाद्या पेटीच्या तळाशी मोडी पत्रांची पुडकी सापडतात. कागदास कसर लागलेली, शाई विटलेली, घडीवरचा मजकूर पार झिजून गेलेला. असे पत्र वाचावयास घेणारा जाणकार पहिल्याच भोकापाशी हात टेकून बसत नाही. जेथे अक्षर लागत नाही तेथे तो पेन्सिलीने खूण करतो आणि ओळखीच्या शब्दासाठी नजर पुढे नेतो. ‘विनंती विशेष’ हे शब्द दिसले, की मायना संपून मजकूर सुरू झाला हे त्यास कळते. ‘कळावे’ हा शब्द आला, की पत्र समाप्तीस आले. या ठरावीक खुणांच्या आधाराने तो पुन्हा वाटेवर येतो आणि शेवटी सांगतो, “चार जागी मजकूर लागत नाही, बाकीचे पत्र असे आहे.” लागत नाही तेथे पदरचे शब्द घालून तो पत्र पुरे करीत नाही. करील तर त्याच्या वाचनावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

अडले तेथे खूण करावी, पुढे जावे, पण पदरचे घालू नये, ही वाचनाची जुनी शिस्त. हीच शिस्त एका निर्जीव वाचकास शिकविण्याचा उद्योग गेली साठांहून अधिक वर्षे चालू आहे. हा वाचक म्हणजे संगणकातील ‘कंपायलर’. त्याच्याविषयी आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. परंतु आज अनेक घरांतील मुलेमुली संगणकाच्या शिक्षणात आणि व्यवसायात आहेत, आणि दिवसातून कित्येक वेळा त्यांची गाठ या चिकित्सक वाचकाशीच पडत असते.

पदच्छेद, अन्वय आणि अर्थ

संगणकास मूलतः शून्य आणि एक या दोन चिन्हांतील आज्ञाच कळतात. त्या भाषेत लिहिणे मनुष्यास फार क्लेशाचे असल्यामुळे मध्यस्थ भाषा निर्माण झाल्या. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली ‘फोर्ट्रान’ ही १९५७ सालची भाषा त्यांपैकी आरंभीची. मनुष्याने अशा भाषेत आज्ञावली लिहावयाची आणि कंपायलरने तिचे यंत्रभाषेत भाषांतर करावयाचे, अशी ही व्यवस्था आहे.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले होते त्यांस कंपायलरचे काम समजण्यास मुळीच अडचण पडू नये. श्लोक समोर आला, की आपण प्रथम पदच्छेद करीत असू, नंतर अन्वय लावीत असू आणि मग अर्थ सांगत असू. कंपायलरही नेमक्या याच तीन पायऱ्या चढतो. प्रथम तो अक्षरांच्या ओळीतून पदे निराळी काढतो. नाव, संख्या, कंस, अर्धविराम ही सारी त्याच्या लेखी पदेच. नंतर त्या पदांचा परस्परसंबंध व्याकरणाच्या नियमांनी लावतो. मग अर्थाकडे वळतो. यांतील दुसरे काम करणाऱ्या भागास ‘पार्सर’ म्हणतात. आपण त्यास अन्वयकार म्हणू.

या भाषांचे व्याकरण सूत्ररूपाने लिहिण्याची एक पद्धती बॅकस यांनी १९५९ साली मांडली आणि १९६० सालच्या ‘आल्गॉल’ भाषेच्या अहवालात पीटर नाउर यांनी ती रूढ केली. थोड्या सूत्रांतून अमर्याद शुद्ध वाक्ये सिद्ध करण्याची ही कल्पना आपल्याकडे पाणिनीच्या काळापासून परिचित आहे. १९६७ साली पी. झेड. इंगरमन यांनी एका पत्राद्वारे या पद्धतीस ‘पाणिनि-बॅकस रूप’ असे नाव द्यावे असे सुचविलेही होते.

शुद्ध वाक्याचा अन्वय लावणे हे काम आता पूर्णपणे शास्त्राच्या आटोक्यात आले आहे. परंतु मनुष्य नेहमीच शुद्ध लिहितो असे नाही. अशुद्ध वाक्य पुढे आल्यावर अन्वयकाराने काय करावे, हा खरा प्रश्न आहे. व्याकरणाचे नियम शुद्ध काय ते सांगतात. अशुद्धाशी कसे वागावे हे ते सांगत नाहीत.

एका स्वल्पविरामाची किंमत

हा प्रश्न एवढ्या तातडीचा का झाला, हे समजण्यासाठी पंचकार्डांचा काळ आठवला पाहिजे. आज्ञावलीची एकेक ओळ एकेका जाड कार्डावर भोके पाडून उमटवीत. एका कार्डावर ८० रकाने असत. कार्डांचा गठ्ठा रबरी पट्टीने बांधून संगणक केंद्राच्या खिडकीत द्यावयाचा आणि आपला क्रम येण्याची वाट पाहावयाची. मोठे संगणक मोजकेच होते. आपल्याकडे १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसला, तेव्हा दूरदूरच्या संस्थांतील संशोधकांची कामे त्यावर होऊ लागली. गठ्ठा दिल्यापासून छापील कागद हाती येईपर्यंत काही तास जात. पुष्कळदा पुरा दिवसही जाई.

आता अशी कल्पना करा, की आज्ञावलीत पाच चुका आहेत आणि कंपायलर पहिल्या चुकीपाशीच थांबतो. पहिल्या दिवशी एक चूक कळली. ती सुधारून दुसऱ्या दिवशी गठ्ठा दिला, तेव्हा दुसरी कळली. याप्रमाणे पाच चुकांस पाच दिवस, आणि त्या चुका कशाच्या म्हणाल, तर कोठे एक स्वल्पविराम राहिला, कोठे कंस मिटला नाही. विद्यार्थ्याचे सत्र ठरावीक आठवड्यांचे असे. यंत्राचा वेळही तोलून मापून मिळे. पाचही चुका एकाच फेरीत दाखविणारा कंपायलर अशा वेळी विद्यार्थ्याचे चार दिवस वाचवीत असे.

म्हणून चुकीपाशी न थांबता पुढे वाचावयाचे. या विद्येस ‘एरर रिकव्हरी’ असे नाव पडले. मराठीत तिला ‘चुकीतून सावरणे’ म्हणता येईल.

चूक झाली कोठे, कळली कोठे

सावरण्यापूर्वी एक अडचण ध्यानात घ्यावी लागते. अन्वयकार जेथे अडखळतो तेथेच लिहिणाऱ्याचा हात चुकलेला असतो असे नाही.

अन्वयकार पदे डावीकडून उजवीकडे वाचतो आणि अर्धवट राहिलेल्या गोष्टी एकीवर एक रचून ठेवतो. स्वयंपाकघरातील गाडग्यांची उतरंड वाचकांस ठाऊक आहे. सर्वांत शेवटी ठेवलेले गाडगे सर्वांत आधी काढावे लागते. कंस उघडला, की उतरंडीवर एक गाडगे चढले. मिटला, की ते उतरले. ‘आरंभ’ आला की चढले, ‘समाप्त’ आला की उतरले. आज्ञावली संपताना उतरंड रिकामी झाली पाहिजे.

आता एखादा ‘समाप्त’ मध्येच कोठे लिहावयाचा राहिला. अन्वयकारास त्याचा पत्ता लागत नाही, कारण तेथून पुढचा मजकूरही नियमांत बसत जातो. शेवटची ओळ संपते आणि उतरंडीवर एक गाडगे शिल्लक उरते. मग तो शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ‘येथे चूक आहे’ असे सांगतो. वास्तविक चूक दोनशे ओळी मागे झालेली असते. नवशिका विद्यार्थी शेवटची ओळ पुनःपुन्हा तपासून थकतो.

डोनाल्ड क्नूथ यांनी १९६५ साली मांडलेल्या अन्वयपद्धतीचा एक मोठा गुण असा, की आतापर्यंत वाचलेल्या मजकुरापुढे काहीही जोडून शुद्ध आज्ञावली होणे शक्य नाही, असे ज्या पदापाशी ठरते त्याच पदापाशी ती थांबते. एक पदही जास्त पुढे जात नाही. याहून लवकर चूक ओळखणे कोणासही शक्य नाही. तरीही हा चूक कळण्याचा क्षण आहे, चूक होण्याचा नव्हे. हा भेद पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

ओळखीच्या खुणेपर्यंत

सावरण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे मोडी वाचणाऱ्याचीच रीत. अडले, की पुढची पदे सोडीत जावयाचे आणि एखादी खात्रीची खूण भेटली, की तेथून पुन्हा वाचन सुरू करावयाचे. अर्धविराम, ‘समाप्त’, नव्या वाक्याचा आरंभ करणारा शब्द, या अशा खुणा होत. इंग्रजीत या रीतीस ‘पॅनिक मोड’ असे गमतीचे नाव आहे. नाव घाबरगुंडीचे असले तरी रीत मोठी भरवशाची आहे. प्रत्येक वेळी निदान काही पदे ओलांडली जात असल्यामुळे अन्वयकार एकाच जागी गिरक्या घेत बसण्याची भीती राहत नाही.

मात्र खुणेपर्यंत जाताना मधला मजकूर न वाचता टाकावा लागतो आणि त्यात दुसरी चूक दडलेली असली तर ती दिसत नाही. खुणा विरळ असतील तर फार मजकूर वाया जातो. फार दाट असतील तर भलत्याच खुणेपाशी थांबून अन्वयकार नवा घोटाळा करतो.

स्वित्झर्लंडचे निक्लाउस विर्ट यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक छोटासा कंपायलर रचून ही रीत उत्तम प्रकारे दाखविली. त्यांची योजना घरच्या वडीलधाऱ्यांसारखी आहे. मुलास कामावर पाठविताना वडील सांगतात, “वाटेत अडलास तर अमक्या, तमक्या किंवा फलाण्याच्या घरी थांब.” मुलाने धाकट्या भावास पुढे पाठविले, तर तो त्या यादीत आणखी एका घराची भर घालून देतो. विर्ट यांच्या कंपायलरचा प्रत्येक भाग आपल्या हाताखालील भागास थांबण्याच्या खुणांची अशीच वाढत जाणारी यादी देतो. कोठेही अडले तरी कोठे थांबावयाचे हे आधी ठरलेले असते. ज्या भाषेत प्रत्येक रचनेचा आरंभ ठळक आणि निराळ्या शब्दाने होतो, त्या भाषेत चुकीतून सावरणे सोपे जाते, हेही त्यांच्या विवेचनातून स्पष्ट होते. पत्रलेखनातील आपले ठरावीक मायने आणि समाप्तीचे शब्द वाचणाऱ्यास असेच उपयोगी पडत.

चुकांचा लोंढा

सावरणे बेताचे असले, की निराळाच अनर्थ ओढवतो. एका कंसाच्या चुकीमुळे अन्वयकाराचा तोल जातो आणि मग पुढची शुद्ध वाक्येही त्यास अशुद्ध दिसू लागतात. छापील कागदावर पन्नास-साठ चुकांची यादी येते. त्यांतील खरी चूक एकच असते. पिशाच्चबाधा झाल्याप्रमाणे दिसणाऱ्या या खोट्या चुकांनी नवशिक्यांस पूर्वी फार छळले आहे. लोंढा पाहून विद्यार्थी भांबावतो आणि शुद्ध ओळीच ‘सुधारून’ बिघडवून ठेवतो.

यावर शोधलेले उपाय साधे पण शहाणपणाचे आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेले ‘याक’ हे साधन अन्वयकार तयार करून देणारे साधन आहे. व्याकरण लिहिणाऱ्याने त्यात ‘येथे चूक होऊ शकते’ अशा जागा अगोदर नेमून ठेवावयाच्या. चूक भेटली, की अन्वयकार उतरंडीवरील गाडगी एकेक उतरवीत अशा नेमलेल्या जागेपर्यंत मागे येतो आणि मग पुढची पदे सोडीत वाट शोधतो. परंतु लागोपाठ तीन पदे सुरळीत लागेपर्यंत तो नव्या चुकीची वर्दी देत नाही. आपला तोल सावरला आहे की नाही याची खात्री होईपर्यंत दुसऱ्यास दोष द्यावयाचा नाही, हा त्यातील संकेत. हा नियम मनुष्यव्यवहारातही उपयोगी पडेल.

दुसरा उपाय नावांविषयीचा. एखादे नाव घोषित न करताच वापरले असेल आणि पुढे ते चाळीस जागी आले असेल, तर चाळीस तक्रारी करण्यात काय हशील? चांगला कंपायलर पहिल्या वेळी तक्रार करून ते नाव आपल्या वहीत टिपून ठेवतो आणि पुढे त्याविषयी गप्प राहतो.

माणसे चुकतात तरी कशी?

अनोळखी चुकीपेक्षा ओळखीच्या चुकीतून सावरणे केव्हाही सोपे. म्हणून माणसे प्रत्यक्षात कोणत्या चुका करतात याचा अभ्यास झाला. फ्रेडरिक डॅमराउ यांनी १९६४ साली शब्दांच्या वर्णलेखनाविषयी दाखविले, की ८० टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात. एक अक्षर गळणे, एक जास्त पडणे, एकाच्या जागी दुसरे येणे किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होणे, हे ते प्रकार. हस्तलिखितांची मुद्रिते तपासणाऱ्यांस हे नवे वाटणार नाही.

आज्ञावल्यांच्या बाबतीत रिप्ली आणि द्रुसेइकिस यांनी १९७८ साली विद्यार्थ्यांच्या ‘पास्कल’ भाषेतील आज्ञावल्या तपासल्या. चूक असलेल्या वाक्यांपैकी ८० टक्के वाक्यांत एकच चूक होती. ९० टक्के चुका केवळ एका पदाच्या होत्या. ६० टक्के चुका विरामचिन्हांच्या होत्या, आणि त्यांतही अर्धविराम अग्रभागी होता.

अर्धविरामाची ही कीर्ती सर्वस्वी विद्यार्थ्यांच्या आळसामुळे नव्हती. पास्कल भाषेत अर्धविराम दोन वाक्यांच्या मधे येतो. वाक्याच्या शेवटी येतोच असे नाही. ‘अन्यथा’ या अर्थाच्या शब्दापूर्वी तर तो मुळीच चालत नाही. उलट ‘सी’ भाषेत तो साध्या वाक्याची समाप्ती दाखवितो. मनुष्याच्या हातास प्रत्येक वाक्याच्या शेवटी चिन्ह देण्याचे वळण सहज पडते; कोठे द्यावे आणि कोठे देऊ नये याचा हिशेब ठेवण्याचे वळण पडत नाही. गॅनन आणि हॉर्निंग यांनी १९७५ साली प्रयोगान्ती असेच दाखविले, की मधे येणारा अर्धविराम अधिक चुकांस कारण होतो. कित्येक चुकांचे मूळ लिहिणाऱ्याच्या डोक्यात नसून भाषेच्या रचनेत असते, असा याचा अर्थ.

बहुतेक चुका एकाच पदाच्या असतील, तर एक पद घालून, गाळून किंवा बदलून पाहावे, हे ओघानेच आले. १९८७ साली बर्क आणि फिशर यांनी या कल्पनेवर एक व्यवहार्य पद्धती बेतली. तिच्यात अन्वय लावण्याचे पक्के काम नजरेच्या थोडे मागे ठेवलेले असते. अडखळले, की मागील काही पदांच्या टप्प्यात प्रत्येक जागी असा एकेक फेरफार करून पाहावयाचा आणि ज्या फेरफाराने वाचन सर्वांत पुढे जाईल तो पत्करावयाचा. चूक कळली त्याच्या मागेही ती असू शकते, हे सत्य येथे पद्धतीतच समाविष्ट झाले आहे.

दुरुस्तीचा मोह

येथपर्यंत आल्यावर पुढचा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही. दुरुस्ती सुचतेच आहे, तर यंत्राने ती परस्पर करून आज्ञावली चालवून का टाकू नये? ई. टी. आयरन्स यांनी १९६३ सालीच चुका दुरुस्त करणाऱ्या अन्वयाची एक पद्धती प्रसिद्ध केली होती. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात तर या विचाराची परंपराच निर्माण झाली. तेथील ‘पीएल/सी’ या कंपायलरचे वर्णन रिचर्ड कॉनवे आणि टॉमस विल्कॉक्स यांनी १९७३ साली प्रसिद्ध केले. विद्यार्थ्याने कितीही अशुद्ध लिहिले तरी हा कंपायलर त्यातून काही तरी शुद्ध आज्ञावली जुळवी आणि ती चालवूनही दाखवी. आपण काय गृहीत धरले तेही तो छापून देई. एका फेरीस दिवस लागत असताना या औदार्यास मोठा अर्थ होता. व्याकरण चुकले तरी निदान पुढच्या तर्कातील चुका तरी त्याच फेरीत दिसत.

परंतु हे औदार्य शाळेपुरतेच ठीक. एक साधे उदाहरण घेऊ. खानावळीचे बिल काढणाऱ्या आज्ञावलीत पुढील ओळ आहे :

रक्कम := दर × (थाळ्या + पाहुणे − सूट ;

कंस उघडला आहे, मिटलेला नाही. अन्वयकारास हे अर्धविरामापाशी कळते. कंस तेथेच मिटविला तर वाक्य शुद्ध होते आणि वाचन बिनदिक्कत पुढे जाते. सावरण्यासाठी एवढे पुरेसे आहे. आता हिशेब पाहा. दर १०० रुपये, थाळ्या ५, पाहुणे २, सूट ३० रुपये. लिहिणाऱ्याच्या मनात कंस ‘पाहुणे’ या पदानंतर होता. ७ थाळ्यांचे ७०० रुपये, वजा ३०, म्हणजे बिल ६७० रुपयांचे. यंत्राने कंस शेवटी मिटविला, तेव्हा सूट थाळ्यांतूनच वजा झाली. ७ मधून ३० गेले, उणे २३ उरले, आणि बिल झाले उणे २३०० रुपयांचे. जेवणाऱ्यासच खानावळवाल्याने पैसे द्यावयाचे! दोन्ही ओळी व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. दोहोंतील अंतर केवळ एका कंसाच्या जागेचे आहे. येथे उत्तर विचित्र आल्यामुळे घोटाळा उघड तरी झाला. ते विचित्र नसते तर कोणास कळलेही नसते.

मूळ मजकुरापासून कमीत कमी फेरफार करून मिळणारी शुद्ध आज्ञावली शोधून काढण्याची सर्वसाधारण पद्धती एहो आणि पीटरसन यांनी १९७२ साली मांडली. ती फार वेळखाऊ आहे. मजकूर दुप्पट झाला, की श्रम आठपट होतात. परंतु वेळेपेक्षाही मोठी अडचण निराळीच आहे. सर्वांत जवळचे शुद्ध वाक्य म्हणजे लिहिणाऱ्यास अभिप्रेत असलेले वाक्य, असे कोण म्हणेल?

आपल्या इतिहासातील एक आख्यायिका येथे आठवते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला. ‘धरावे’ अशा आज्ञेतील ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ असे केले गेले, असे लोक सांगत आले आणि ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार भाषेत रूढ झाला. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. एका शुद्ध वाक्याचे दुसरे शुद्ध वाक्य होणे ही अन्वयकारास कधीही न दिसणारी चूक होय. जुन्या फोर्ट्रानमध्ये असा प्रकार सहज घडे. एखादे काम दहा वेळा करावे अशी आज्ञा ‘डू १० आय = १,१०’ अशी लिहीत. तिच्यात स्वल्पविरामाऐवजी बिंदू पडला, तर ओळ अशुद्ध होत नसे. पदांमधील मोकळ्या जागेस त्या भाषेत महत्त्व नव्हते आणि नावे घोषित करण्याची सक्तीही नव्हती. म्हणून कंपायलर समजे, की ‘डू१०आय’ नावाच्या कोणा राशीस १.१० ही किंमत द्यावयाची आहे. तक्रार नाही, सूचना नाही. काम दहा वेळा न होता एकदाच होई.

लिहिणाऱ्याच्या हातून ‘ध’चा ‘मा’ होणे हे एक वेळ समजता येईल. परंतु परस्पर दुरुस्ती करणारे यंत्र स्वतःच ‘ध’चा ‘मा’ करू शकते, आणि तेही सद्हेतूने. वॉरन टायटेलमन यांनी साठच्या दशकात ‘तुमच्या मनात असेल ते करतो’ अशा अर्थाच्या नावाची एक दुरुस्तीयोजना रचली होती. तिच्याविषयी संगणक जाणणाऱ्यांत एक गोष्ट सांगतात. कोणी एकाने जुन्या प्रती पुसून टाकण्याची आज्ञा दिली. तशा प्रती शिल्लकच नव्हत्या. यंत्राने विचार केला, की याच्या हातून एक चिन्ह जास्त पडले असावे. ते चिन्ह काढून टाकताच आज्ञेचा अर्थ ‘सर्व काही पुसून टाक’ असा झाला, आणि यंत्र कामास लागले. त्या गृहस्थाने घाईघाईने यंत्र थांबविले म्हणून थोडक्यावर निभावले.

या साऱ्या अनुभवातून जो संकेत स्थिरावला तो असा : तर्क करावा, पण पुढे वाचण्यापुरताच. आज बहुतेक कंपायलर एका चुकीनंतर कल्पित कंस घालून अन्वय पुढे चालवितात, आणखी चुका शोधतात, ‘येथे कंस हवा होता काय?’ असे नम्रपणे सुचवितातही. परंतु एकही चूक आढळली असेल तर चालविण्याजोगे भाषांतर ते हाती देत नाहीत. सुधारणा करण्याचा अधिकार लिहिणाऱ्याचा.

दिवस गेले, गरज उरली

कार्डांचे दिवस संपले. १९८३ साली आलेल्या ‘टर्बो पास्कल’ या कंपायलरने तर पहिल्या चुकीपाशी थांबण्याची जुनी रीतच पुन्हा पत्करली. तो इतका चपळ होता, की थांबून चुकीच्या जागी कर्सर नेऊन ठेवणे आणि सुधारून पुन्हा आरंभ करणे काही क्षणांचेच काम झाले. तेव्हा कोणास वाटले असेल, की चुकीतून सावरण्याची विद्या आता अडगळीत जाणार.

घडले उलट. आज आज्ञावली लिहिण्याची साधने लिहिणाऱ्याच्या प्रत्येक अक्षरागणिक मजकुराचा अन्वय लावीत असतात. शब्द रंगवितात, पुढचे नाव सुचवितात, चुकलेल्या शब्दाखाली रेघ ओढतात. लिहिता लिहिता मजकूर बहुतेक सर्व काळ अपुराच असतो, म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने अशुद्धच असतो. अशुद्ध मजकूर हा पूर्वी अपवाद होता, आता तो नियम झाला आहे. सावरता न येणारा अन्वयकार अशा साधनास क्षणभरही उपयोगी पडणार नाही. चूक सांगण्याची भाषाही निवळली आहे. पूर्वी ‘व्याकरणदोष’ एवढा एकच तुसडा शब्द मिळे. आता चांगले कंपायलर चूक कोठे कळली ते दाखवितात आणि जोडी न जुळलेला कंस मुळात कोठे उघडला होता तेही दाखवितात. चूक होण्याची जागा आणि कळण्याची जागा यांतील जुना भेद असा वाचकासमोरच मांडला जातो.

संगणकावर आपण जी पाने वाचतो त्यांची लेखनभाषा ‘एचटीएमएल’. तिच्या बाबतीत तर आणखी निराळा निर्णय झाला. जगभर असंख्य पाने अशुद्ध लिहिली गेली होती आणि प्रत्येक वाचनसाधन आपापल्या परीने त्यांचा अर्थ लावीत असे. तेव्हा कोणत्या अशुद्धातून कसे सावरावे हेच प्रमाणग्रंथात बारकाईने लिहून ठेवण्यात आले. २०१४ साली मान्य झालेल्या तिच्या पाचव्या आवृत्तीत हे नियम आहेत. याच्या अगदी उलट, १९९८ सालच्या ‘एक्सएमएल’ भाषेने रचनेतील पहिल्या दोषापाशी वाचन थांबविण्याचा कडक दंडक घातला. वाचकापुढे पान दिसणे हेच ज्याचे प्रयोजन, तेथे क्षमा शोभते. हिशेब आणि व्यवहाराची देवघेव जेथे व्हावयाची, तेथे कडकपणा हिताचा. एकच नियम दोन्हीकडे लावून चालत नाही.

आपण बाहेरच्या प्रांतांत राहणारी मंडळी. हिंदी, कानडी, गुजराती, तेलुगू यांच्या सहवासात वाढणाऱ्या मुलांचे मराठी नेहमीच प्रमाण असते असे नाही. मूल ‘मी येऊन राहिलो’ म्हणते, तेव्हा घरातील आजी त्याचे बोलणे तोडीत नाही. ती त्याचे म्हणणे ऐकून घेते आणि मग हळूच शुद्ध रूप सांगते. पण तेच मूल ‘उद्या’ म्हणाले आणि त्याच्या मनात ‘काल’ असावे असा संशय आला, तर ती अंदाजाने निर्णय करीत नाही. ‘नक्की कधी रे?’ असे विचारते. पंचकार्डांच्या काळापासून अनेक विद्वानांनी खपून यंत्रास जे शिकविले ते याहून फारसे निराळे नाही. पुढे ऐकत राहावे, आणि जेथे अर्थ बदलतो तेथे विचारावे.